इंजिनाची तीन बुचे

पोलीस खात्यात असताना बरेच मोठे गुन्हे माझ्या हाताखालून गेले. त्यांचे तपशील कोणी विचारले तर आज मला कागद शोधावे लागतील. रत्नागिरी बंदरावरची एक केस मात्र मी कागदाशिवाय पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगू शकतो. त्या केसमध्ये कोणाचा खून झाला नव्हता की दरोडा पडला नव्हता. मुद्देमाल म्हणाल तर पितळेची तीन बुचे आणि काळ्या तेलाचे काही डबे, एवढाच. तरी श्रावणात ऊन-पाऊस सुरू झाला की मला ती केस आठवते. त्यातल्या माणसांपैकी काही अजून हयात असतील, म्हणून नावे लिहीत नाही.

ही एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. मी फौजदार म्हणून नुकताच रत्नागिरीला बदलून आलो होतो. मी साताऱ्याकडचा. समुद्र मी नोकरीत आल्यावर पाहिला. माझे जमादार लांज्याकडचे होते, म्हणजे कोकणातले खरे, पण डोंगराकडचे. होडीत बसले की त्यांना मळमळायचे. बंदरातले गुन्हे समजून घेण्याच्या बाबतीत आम्ही दोघेही सारखेच कोरे होतो, हे आधी सांगून ठेवतो.

त्या वर्षी गावातल्या एका शेटजींनी बर्फाचा कारखाना काढायचे ठरवले होते. मासळी टिकवायला मीठ आणि ऊन यांपलीकडे तेव्हा कोळ्यांकडे दुसरे साधन नव्हते, त्यामुळे या कारखान्याकडे सगळा किनारा डोळे लावून बसला होता. कारखान्याचे डिझेल इंजिन मुंबईहून पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीने आले. आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माल पडावात, म्हणजे मोठ्या सपाट बुडाच्या नावेत, उतरवून काठाला आणायचा. सुमारे तीन टन वजनाचे ते धूड पडावात घेऊन किनाऱ्याला सुखरूप लावले ते खाडीकाठच्या राजिवडा वस्तीतल्या एका वयस्कर मुसलमान तांडेलाने, म्हणजे नावेच्या म्होरक्याने. पडाव त्याचाच होता.

इंजिन आले, पण कारखान्याचा चौथरा तयार नव्हता. गवंडी जांभा दगड तासत बसले होते, तेवढ्यात पाऊस लागला. तीन टनांची वस्तू चिखलातून ओढून नेणे शक्य नव्हते. वखारीत जागा नव्हती. तेव्हा इंजिन आपल्या लाकडी खोक्यासकट वखारीमागच्या उंचवट्यावर उघड्यावरच ठेवायचे ठरले. शेटजींनी दोन ताडपत्र्या दिल्या आणि राखणीला त्याच तांडेलाला नेमले. पावसाळाभर पडाव वर ओढलेलाच असतो, त्यामुळे त्यालाही काम नव्हते. तो म्हणाला, "शेट, अमानत म्हणून सांभाळतंव. काळजी करू नका."

यानंतर श्रावणातल्या एका सकाळी इंजिनाच्या कंपनीचा तरुण इंजिनीअर एस.टी.ने घाट उतरून रत्नागिरीला आला आणि थेट बंदरावर जाऊन तिथून शेटजींसह आमच्या ठाण्यात आला. मी हजेरी घेऊन नुकताच टेबलाशी बसलो होतो. तो इतका चिडलेला होता की छत्री मिटवायचे विसरून तसाच आत शिरला.

"साहेब, इंजिनाची चोरी झाली आहे."

"इंजिनाची?"

"म्हणजे इंजिन आहे. पण खालची तिन्ही पितळी बुचे गायब आहेत! पोटातलं तेल गायब आहे! आणि सगळ्याला कसला तरी भयंकर वास मारतोय. वर मांजरं बसली आहेत!"

खबरी जबाब लिहून घेणाऱ्या जमादारांनी लेखणी थांबवून गंभीरपणे विचारले, "मांजरं किती?"

"मांजरं लिहू नका हो!"

"बुचं चोरीस गेली तेव्हा हजर कोण, ते लिवायला लागतं, साहेब," जमादार म्हणाले. शेटजींना हसू आले, इंजिनीअरला नाही.

त्याने मग शांतपणे समजावून दिले. असे यंत्र परगावी पाठवताना त्याच्या पोटात जाड तेल भरतात आणि खालून पितळी बुचे घट्ट बसवतात. खारी हवा आत शिरू नये आणि आतला लोखंडी दांडा गंजू नये, हा हेतू. "खोक्यावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला होता, बुचांना हात लावू नये म्हणून," तो म्हणाला.

"इंग्रजीत," शेटजी म्हणाले. "तोही पहिल्या पावसात गेला वाहून."

मी जागेचा पंचनामा करायला गेलो. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. खोक्याभोवती बांबूंचा सांगाडा उभा केला होता. त्यावर नारळीच्या झावळ्यांचे विणलेले झाप, उतार धरून, एकावर एक चढवलेले. खाली ताडपत्री. खोक्याखाली चारी बाजूंनी चर खणून पाणी लांब सोडलेले. आतले लोखंड हाताला तुळतुळीत लागत होते, कारण दिसेल त्या भागावर मुशी माशाचे तेल फासले होते. मांजरांचे कारण ते. कोकणात होड्यांना हेच तेल लावतात. एवढी निगा राखणारा माणूस बुचे कशाला काढील, हे मला कळेना. पण खाली वाकून पाहिले तर तीन भोके रिकामी होती, हेही खरे होते.

त्याच दुपारी खबर आली. बंदरावरच्या चहाच्या दुकानात आमच्या ओळखीचा एक हमाल होता. तो जमादारांना म्हणाला, "पावसाच्या तोंडाला तांडेलान त्या मिशनीच्या खालनं तेल काढलान नि डब्यांत भरलान. मी डोळ्यांनी बघितलंय. हातगाडीवरनं राजिवड्याला नेलान."

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, शेटनी सांगितलं असंल. तांडेल चोरील असं कुनाच्या मनात येनार?"

तांडेलाला बोलावणे पाठवले. साठीचा, उंच, करड्या दाढीचा माणूस. डोक्याला टोपी, कमरेला लुंगी, पाय चिखलाने भरलेले म्हणून पायरीवर धुऊन मगच आत आला. बाक दाखवला तरी खाली बसला. पुढचे बोलणे मला जवळपास शब्दशः आठवते.

"इंजिनातलं तेल तुम्ही काढलंत?"

"हां साहेब, मीच काढलं."

"कुठं आहे?"

"घरात. डब्यांत. घेवन जावा."

मी जरा गोंधळलो. चोरीचा माल असा पहिल्याच प्रश्नाला कबूल होत नाही. "काढलंत कशाला?"

"पावसाळ्यात पोटात काय ठेवायचं नाय. सगळं रिकामं करून, वरनं तेल लावून, झापांखाली ठेवायचं. अशीच चाल हाय."

"आणि बुचे?"

"सुखरूप हायत."

"कुठं?"

"ते मला म्हाईत नाय."

"सुखरूप आहेत, पण कुठं आहेत ते माहीत नाही?"

"हां."

जमादार म्हणाले, "तांडेल, तुमी पोलीस ठाण्यात बसलाव. सोयरिकीच्या बोलण्यांना नाय."

"पुनव होऊं दे, जमादार. दुसऱ्या दिवशी मी स्वतः आणून देतंव."

नारळी पौर्णिमा चार-पाच दिवसांवर आली होती. ही मुदत मागण्याची रीत मला ओळखीची वाटली. विकलेला माल परत मिळवायला वेळ हवा असला की माणसे असाच काही वायदा करतात. मी जमादारांना गावातल्या तांबटांकडे पाठवले. पितळेचे बूच कोणाकडे मोडीत आले नव्हते. संगमेश्वर आणि देवरूखच्या बाजारांतही विचारणा केली. तिथेही नाही. तेलाचे डबे शिपायांनी तांडेलाच्या ओटीवरून आणले. प्रत्येकाचे तोंड केळीच्या पानाने आणि दोरीने बांधलेले होते. तेलात पाण्याचा थेंब नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारपूस. या वेळी माझ्या टेबलावर आणखी एक कागद होता आणि तो मी मुद्दाम समोर ठेवला. तांडेलाचा धाकटा मुलगा, वय बावीस-तेवीस, मोठ्या जहाजावर खलाशी म्हणून लागणार होता. त्यासाठी मुंबईला जी नोंदणीपुस्तिका काढावी लागते तिला इकडे 'नली' म्हणतात. नली मिळण्यापूर्वी वर्तणुकीचा दाखला आमच्या ठाण्यातून जायचा होता. मुलगा सालस होता, त्याच्याविरुद्ध काही नव्हते. पण बाप राखणीला असताना, राखणीच्या मालाबद्दलच त्याच्यावर विश्वासघाताचा गुन्हा नोंदला गेला, तर घरच्या चौकशीच्या रकान्यात मला तसे लिहिणे भाग होते. आणि तसे लिहिलेल्या कागदावर कोणतीही कंपनी त्या मुलाला जहाजावर घेणार नव्हती.

मी हे तांडेलाला सरळ सांगितले. धमकी म्हणून नाही, तर जे होणार ते त्याला कळावे म्हणून. त्याचा चेहरा उतरला.

"मुलाचा काय गुन्हा, साहेब?"

"त्याचा काही नाही. बुचे कोणाकडे आहेत एवढं सांगा, मी हा कागद आत्ता पुरा करतो."

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. त्याला वाचता येत नव्हते. मग म्हणाला, "माझ्या घरात शिपाई घालू नका. मला बेड्या घाला पायजे तर. पन घरात कोन जाऊन कुनाला काय विचारू नका."

इतके बोलून जो गप्प झाला तो झालाच. आता मलाही वाटू लागले की बुचे घरात आहेत. झडती घ्यायची तर पंच हवेत, आणि त्या घरातल्या बायका पडद्यात राहणाऱ्या, म्हणून बरोबर एखादी बाईही हवी. मी झडती दोन दिवस पुढे ढकलली. तांडेलाला अटक दाखवली नाही. रोज सकाळी हजेरीला यायला सांगून घरी सोडले. इंजिनीअरला हे अजिबात पटले नाही.

"हा माणूस चोर आहे, नाहीतर वेडा आहे. मला कंपनीला तार करायची आहे. काय लिहू?"

"तपास चालू आहे असं लिहा."

"तुम्ही पोलीस सगळीकडे हेच सांगता."

"कारण सगळीकडे तपासच चालू असतो," मी म्हणालो.

संध्याकाळी मुलगा आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. "साहेब, माझा कागद फाडून टाका नि बाबाला सोडा."

"सरकारी कागद फाडायचा अधिकार मला नाही. आणि तुझ्या बाबाला मी धरलेलंही नाही. बुचे कुठे आहेत हे तुला ठाऊक आहे का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग जाता जाता हळूच म्हणाला, "बाबाला पन ठाऊक नाय, साहेब. तो खोटं नाय बोलत."

हे वाक्य मला रुतून बसले. बापलेक दोघेही एकच अशक्य गोष्ट सांगत होते आणि दोघांच्याही तोंडावर ती खरी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका कुंपणाच्या भांडणाची चौकशी करायला मी आणि जमादार राजिवड्याला गेलो. पाऊस थांबला होता. खाडीच्या काठावर होड्या वर ओढून, झापांखाली ओळीने ठेवल्या होत्या. झाप पाहून मी थबकलो, कारण बांधणी अगदी इंजिनावरच्यासारखी होती. एका होडीच्या सावलीत एक माणूस जाळे सांधत बसला होता. मी वाकून त्याच्या होडीखाली पाहिले. बुडाला मुठीएवढे भोक होते.

"होडी फुटली वाटतं?"

"नाय वो! बूच काढलंय. पावसाचं पानी आत साठलं तर लाकूड कुजतंय. वर ओढली की बूच काढायचं. सगळेच काढतात."

मी जमादारांकडे पाहिले, जमादारांनी माझ्याकडे. "आण बरं ते बूच. कसं असतं बघू."

तो माणूस हसायला लागला. "ते माझ्यापाशी कुटलं? घरवालीपाशी."

"मग तिच्याकडून आण."

"पुनव व्हईपर्यंत ती मला दाखवायची पन नाय! कुटं ठेवलान ते तिलाच ठाऊक."

मग त्याने आम्हांला सांगितले, आणि लहान मुलाला सांगावे तसे नीट सांगितले. पावसाळ्यात मधेच उघडीप मिळते, समुद्र निवळल्यासारखा दिसतो, मासळीला भाव असतो. पुरुषांना राहवत नाही. जो जातो तो परत येईलच असे नसते. म्हणून होडी वर आली की बूच घरच्या बाईच्या हवाली करायचे. ती ते लपवते, आणि कुठे ते नवऱ्यालाही सांगत नाही. त्याने शपथ घातली तरी सांगत नाही. नारळ समुद्रात गेला की ती स्वतः काढून त्याच्या हातात देते. बुचाशिवाय होडी पाण्यात जात नाही.

जमादारांनी विचारले, "आनि शोधून सापडलं तर?"

"सापडलं असतं तर मी हितं जाळी सांधत बसलो असतो काय?"

जमादार मला म्हणाले, "साहेब, आमच्या घरात कुलुपाची किल्ली लपवतात. होडीचं बूच लपवतात हे पयल्यांदा ऐकलं."

कोडे सुटले होते. तांडेलाने इंजिनाला पावसाळाभर होडीसारखे वागवले होते. झाप, तेल, पोट रिकामे करणे, बुचे काढणे, आणि शेवटी ती बायकोच्या हवाली करणे. बुचे कुठे आहेत हे त्याला खरोखरच माहीत नव्हते. फक्त एक गोष्ट उरत होती. एवढे साधे कारण त्याने सांगितले का नाही? "बायकोकडे दिली" एवढे दोन शब्द म्हटले असते तर सगळे मिटले असते.

मी त्या माणसाला तांडेलाबद्दल विचारले. त्याचे हसणे थांबले. जाळ्यातली सुई त्याने बाजूला ठेवली.

"तांडेलाला थोरला मुलगा व्हता, साहेब. लय हुशार. एका श्रावणात अशीच उघडीप पडली. मुलगा म्हनाला, बूच देवा. आईन दिलान नाय. मग तांडेल स्वतः तिला म्हनाला, दे गो, चांगलं उघडलंय. नवरा सांगतोय म्हनून तिनं काढून दिलान. होडी आली, मुलगा नाय आला. तेव्हापास्नं तांडेलान होडी इकलान नि पडाव धरलान. नि तेव्हापास्नं तो तिच्याकडं काय म्हंजे काय मागत नाय. ताटात वाढलान तेवढंच जेवतो."

तांडेलाने बायकोचे नाव घेतले असते, तर आम्हीच पौर्णिमेआधी तिच्या दारात बूच मागायला उभे राहिलो असतो. आम्ही कुंपणाच्या भांडणाला त्या दिवशी गेलो नाही.

दुपारी घरी जेवताना मी हे सगळे बायकोला सांगितले. तपासाच्या गोष्टी घरी सांगण्याची माझी पद्धत नव्हती, पण त्या दिवशी सांगितल्या. ती वाढता वाढता थांबली. म्हणाली, "मग आता कोण मागणार तिच्याकडे?"

"मीच जाणार."

"तुम्ही टोपी घालून गेलात तर ती बाई दार लावून घेईल. मी येते."

"हे सरकारी काम आहे."

"सरकारला बायकांशी बोलता येतं का? येत असेल तर जा एकटे."

आम्ही दोघे गेलो. मी साध्या कपड्यांत. तांडेल ओटीवरच बसला होता. मला पाहून उठला आणि दारापुढे येऊन उभा राहिला. "साहेब, मी हात जोडून सांगितलं व्हतं..."

"शिपाई आणलेला नाही. ही माझी बायको. आणि तुम्ही काही मागू नका. मी विचारतो, त्या नको म्हणाल्या तर परत जातो."

बायको आत गेली. मी ओटीवर बसलो. तांडेलीण दाराच्या पडद्याआड येऊन उभी राहिली. पाय तेवढे दिसत होते.  मी ओटीवरूनच बोललो.

"चाची, तुमच्याकडे तीन पितळी बुचे आहेत. ती होडीची नाहीत, यंत्राची आहेत. ती घालून यंत्र बंद करायचं आहे, नाहीतर ते आतून गंजेल. पौर्णिमेआधी मागू नये हे मला समजलं आहे. तरी विचारतो."

आतून आवाज आला, अगदी सरळ. "तां यंत्र दर्यात जानार?"

"नाही."

"कदी पन नाय?"

"कधीच नाही. जमिनीवर दगडी चौथरा बांधताहेत, त्यात लोखंडी बोल्टांनी आवळून बसवणार. जागेवरून हलणारसुद्धा नाही."

"मानसां त्याच्यात बसून जात नाय?"

"बसायला जागाच नाही त्यात. ते बर्फ करणार."

 ती म्हणाली, "मग न्या बापडे. बुडायचं भेवच नाय त्याला, तर मी कशाला राखत बसू?" आणि ओटीच्या दिशेने जरा आवाज चढवून, "ह्यांनी मला आधी बोलायचं नाय? तीन दिस ठान्यात जाऊन बसतायत!"

 तांडेल खाली मान घालून जमिनीकडे पाहत होता. मीच म्हणालो, "त्यांना मागायचं नव्हतं."

 मग ती म्हणाली, आणि या वेळी आवाज हलका होता, "म्हाईत हाय मला."

माझी बायको तिच्याबरोबर माजघरात गेली आणि कापडाची पुरचुंडी घेऊन बाहेर आली. बुचे भाताच्या कणगीत तळाशी होती. मुशीचे तेल लावून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात तीन वेगवेगळ्या गाठींत बांधलेली. तांडेलही ती आमच्याबरोबरच पहिल्यांदा पाहत होता.

"कनगीत व्हती?" तो म्हणाला. "मी किती येळा हात घातलाय त्याच्यात!"

"तुमच्या हाताला लागायला ठेवली नव्हती," आतून उत्तर आले. माझ्या बायकोला हसू आवरेना. तांडेलाच्या तोंडावर तीन दिवसांत पहिल्यांदा थोडा उजेड आला.

आम्ही उठलो तेव्हा तांडेलीण माझ्या बायकोला म्हणाली, पण मला ऐकू येईल अशा बेताने, "नि माझ्या लेकाचा कागद?"

मी म्हणालो, "त्यात आता काही अडचण नाही. उद्या सही करतो."

"सही करा. पन हातात देव नका. पुनव झाल्यावर द्या. आता दिलाव तर तो थांबायचा नाय. आगबोट चालू नाय, तर गावंल त्या मचव्यात बसून म्हंमईला निगंल. मी अडवलं तर म्हनंल, आमा, कागदावर तारीख हाय."

मी ठाण्यात येऊन दाखला मागवणारे मुंबईचे पत्र पुन्हा वाचले. दाखला पोचण्याची मुदत पौर्णिमेच्या बरीच पुढची होती. नियमात बसत होते. मी सही-शिक्का केला आणि कागद टेबलाच्या खणात ठेवून किल्ली फिरवली. दुसऱ्या दिवशी मुलगा विचारायला आला. खोटे बोलणे मला जमत नाही, म्हणून सरळच सांगितले. "सही झाली आहे. कागद पौर्णिमेनंतर मिळेल."

"का, साहेब?"

"ठेवायला सांगितलंय."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "आमान सांगितलान?"

मी डायरी लिहायला घेतली. तो जरा उभा राहिला, मग हसला आणि गेला.

इंजिनीअरने बुचे ताब्यात घेतली, डबे मोजून तेल पुन्हा भरले. डब्यांच्या बुडाला चिकटले तेवढेच कमी पडले. तेल भरण्याआधी पोट उघडून पाहिले तेव्हा मुख्य दांड्यावर गंजाची पातळ तांबूस झाक आली होती. दोन दिवस रॉकेल आणि पॉलिशकागद घेऊन तो स्वतः घासत बसला. नुकसान झाले होते आणि ते तांडेलाच्या हातून झाले होते, हे त्याने माझ्या समोर त्याला स्पष्ट सांगितले. तिसरे बूच पाण्याच्या नळ्यांचे होते, ते काढल्याने आत पाणी साठून राहिले नाही हे मात्र बरे झाले, हेही सांगितले.

"पुढच्या वेळी तेलाला हात लावू नका, तांडेल."

"नाय लावत. पन साहेब, तुमच्या तेलाला वासच नव्हता. मला वाटलं, खराब झालंय."

इंजिनीअरने कपाळावर हात मारला, पण चोरी झालेली नाही आणि आपली काही तक्रार नाही, असा जबाब दिला. मी कोर्टाकडे 'सी' समरीचा अहवाल पाठवला. गैरसमजुतीने दाखल झालेला गुन्हा असा त्याचा अर्थ. माझ्या नोकरीत मी तो शेरा क्वचितच लिहिला.

पौर्णिमेला गाव बंदरावर लोटले, नारळ समुद्रात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना ठाण्याच्या पायऱ्यांशी तांडेल, त्याचा मुलगा आणि चादर पांघरलेली तांडेलीण येऊन उभी राहिली. ती पायरी चढली नाही. मी कागद घेऊन खाली गेलो आणि मुलाला देऊ लागलो. त्याने हात पुढे केला नाही. आईकडे पाहिले. मग मी कागद तिच्याकडे दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, काही वाचता येत नसताना वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि मुलाच्या हातात ठेवला. म्हणाली, "जा आता."

तांडेल बाजूला उभा होता. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "चला, जेवायला काय करू? सांगा." तो इतका गोंधळला की जमादारांनाच सांगावे लागले, "सांगा की, तांडेल! विचारतायत त्या."

"भात नि कालवन," तो म्हणाला. "जरा तिखट कर."

हजेरीतले शिपाई हसले, मुलगा हसला. मी ठाण्यात परत आलो.

गप्प बसणारा माणूस माल लपवत असतो, असे आम्हांला शिकवलेले असते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. पण या केसनंतर विचारपूस करताना मी एक प्रश्न नेहमी घालत आलो. "तू हे सांगितलंस तर त्रास कोणाला होईल?" मुरलेले चोर या प्रश्नावर लगेच रडून आईचे नाव घेतात. त्यांना ओळखणे हळूहळू जमते. बाकीचे मात्र बराच वेळ काही बोलत नाहीत, आणि मग विचारतात, "तुम्ही त्यांना काही करणार नाही ना?" एवढे कानावर आले की मी लेखणी खाली ठेवत असे.